वाटेत सांडलेली वीज

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त विद्युत अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलणे झाले, आरोग्यावर झाले, मुलांच्या शिक्षणावर झाले. त्या पंगतीत एका निवृत्त विद्युत अभियंत्याचे पान का मांडले, हे मला प्रथम कळेना. मी चिटणीसांना तसे विचारलेही. ते म्हणाले, ‘आपल्या सभासदांची निम्मी घरे या खाणीवर उभी राहिली, आणि त्या घरांतली कितीतरी मुले आता कुठल्या ना कुठल्या वीज कंपनीत नोकरीला आहेत. त्यांच्या उपयोगाचे काही सांगा.’ विषयही त्यांनीच नेमून दिला : वीज कंपनीने आपला रोजचा ‘कार्बन फूटप्रिंट’ कसा कमी करावा.

कार्यक्रमपत्रिका वाटली गेल्यावर बाजारात एका वहिनींनी मला अडवले. म्हणाल्या, ‘काय हो भावजी, कंपनीच्या पावलांशी आम्हांला काय करायचे आहे? आमचे बिल कमी होणार असेल तर सांगा, म्हणजे येते.’ वहिनी आज दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, म्हणजे त्यांना थोडी तरी आशा आहे. त्यांच्या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

आधी शब्दाचे पाहू. आपण कान्हाच्या जंगलाच्या शेजारी राहतो. वाघ दिसला नाही तरी ओल्या मातीतल्या पंज्यावरून तो कोठून आला, कोठे गेला, केवढा होता, हे जाणता माणूस सांगतो. फूटप्रिंट म्हणजे तोच प्रकार. एखादी कंपनी किंवा एखादे कुटुंब दिवसभरात जे जे जाळते आणि वापरते, त्यापायी हवेत किती कार्बन वायू जातो, त्याचा हा माग. मी त्याला ‘धुराचा माग’ म्हणेन, कारण आपल्याकडे विजेचा बराचसा भाग अजूनही कोळशाच्या धुरातून येतो. मलाजखंडला येणारी वीज कोणत्या केंद्रातून आली हे तारेकडे बघून सांगता येत नाही. सारणी, बिरसिंगपूर येथील कोळशाची वीज, इंदिरासागरच्या पाण्याची वीज, २०२० साली राष्ट्राला अर्पण झालेल्या रीवाच्या सौर प्रकल्पाची वीज, सारी एकाच जाळ्यात मिसळते. देशभरची गोळाबेरीज केली तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन वायू पडतो. एवढा एक आकडा आपण लक्षात ठेवावा. पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

आता कंपनीची खतावणी उघडू. अशा हिशेबात जगभर तीन खाती मांडतात. पहिल्यात कंपनी स्वतः जे जाळते ते : जीपचे व क्रेनचे डिझेल, कार्यालयातील जनित्र. दुसऱ्यात ती स्वतःसाठी जी वीज खर्च करते ती. तिसऱ्यात बाकीचे सगळे : मालाची खरेदी, गिऱ्हाइकाला विकलेली वीज, वगैरे. तिसरे खाते अर्थातच सर्वांत मोठे असते. पण वाटप करणाऱ्या कंपनीच्या हातात ते पुरतेपणी नसते. आज मी पहिल्या दोन खात्यांबद्दल बोलणार आहे, कारण ‘रोजचा’ हा शब्द त्यांनाच लागू पडतो.

कंपन्या आपला माग पुसायला निघतात तेव्हा बहुधा पहिल्या खात्यापासून सुरुवात करतात. साहेबांसाठी विजेवर चालणारी मोटार येते, तिला हार घालतात, छायाचित्र निघते. कागदाची बिले बंद होतात. महाराष्ट्रात महावितरणची ‘गो-ग्रीन’ योजना आहे. तिच्यात कागदी बिल नको म्हणणाऱ्या ग्राहकाला बिलात सवलत मिळते. मुंबईच्या बेस्टने तर २०२३ मध्ये विजेवर धावणारी दुमजली बस रस्त्यावर आणली. बेस्टला ते शोभतेही. १९०७ साली घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम आली तेव्हापासून वीज आणि वाहतूक त्या शहरात हातात हात घालून चालत आली आहे. या गोष्टींना मी हसत नाही. पण प्रमाण पाहा.

एक जीप वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरली आणि लिटरला १२ किलोमीटर धावली, तर साडेबाराशे लिटर डिझेल जळते. लिटरमागे पावणेतीन किलोच्या आत-बाहेर कार्बन वायू धरला तर वर्षाचे सव्वातीन-साडेतीन टन होतात. आता दुसरीकडे असा एक फीडर घ्या की ज्यावरून वर्षाला एक कोटी युनिट जातात. त्यातला केवळ एक टक्का वाटेत सांडला तर एक लाख युनिट गेले. गुणिले ७०० ग्रॅम, म्हणजे ७० टन. एका फीडरवरचा एक टक्का म्हणजे वीस जीपगाड्यांचा वर्षाचा धूर! आणि आपल्या देशात एक टक्का सांडत नाही. २०१९-२० साली पारेषण आणि वितरण यांतली हानी वीस टक्क्यांच्या आसपास होती. नंतर ती उतरली आहे, पण अजून पुष्कळ आहे. यात चोरीचीही वीज आहे हे मान्य. चोरलेली वीज वाटेत सांडत नाही, ती कोणीतरी वापरतोच. पण तारेत, जोडात आणि ट्रान्सफॉर्मरात उष्णता होऊन जी जाते ती कोणाच्याच चुलीला लागत नाही. तिच्यासाठी कोळसा मात्र जळालेला असतो. हिशेबाच्या नियमाप्रमाणे ही गळती कंपनीच्या दुसऱ्या खात्यात, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावावर पडते, आणि माझ्या मते ते न्याय्य आहे.

हे मलाजखंडमध्ये बोलण्यास एक खास कारण आहे. १९८२ साली येथील ताम्र प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. त्यानंतर दोन वर्षांनी मी एका ठेकेदाराचा पर्यवेक्षक म्हणून या गावात आलो. दुपारचा भोंगा झाला की सुरुंग उडत, खिडक्यांच्या काचा थरथरत, आणि पाहुणे दचकले की घरची माणसे हसत. येथील दगडात तांबे शेकडा एकाच्या आसपास. शंभर किलो दगड फोडून, दळून, पाण्यात घुसळून जेमतेम एक किलो तांबे हाती लागते. बाकीचा डोंगर बाजूला रचला जातो, तो आपण रोज बघतो. गोंड आणि बैगा लोकांच्या मुलखातला एक डोंगर यापायी खड्ड्यात गेला, आणि खाण आता त्याच्याही खाली भूगर्भात उतरू लागली आहे. एवढ्या मोलाने वर आलेले तांबे शेवटी करते काय? वीज वाहून नेते. ते जर एका सैल जोडावर तापत बसले, तर या डोंगराचे काय झाले, असा प्रश्न मला या गावात राहून पडतो. इतरत्र कदाचित पडला नसता.

खांबांवर दिसणारी तार मात्र तांब्याची नसते, ॲल्युमिनियमची असते. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्के, पण ते हलके आणि स्वस्त. मधोमध पोलादी तारेचा कणा असलेल्या या तारांना जाडीप्रमाणे जनावरांची नावे आहेत. गावातली बारीक तार ती ‘वीझल’, तिच्याहून जाड ती ‘रॅबिट’, मग ‘डॉग’, आणि मोठ्या मनोऱ्यांवर ‘पँथर’, ‘झेब्रा’, ‘मूस’. आमच्या भांडारात एकदा नवा कारकून आला होता. ‘तीन किलोमीटर कुत्रा पाठवावा’ अशी मागणी वाचून तो गंभीरपणे साहेबांकडे गेला! असो. तांबे असते केबलमध्ये, मोटारीत, पुष्कळ ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत. म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांची कोठे ना कोठे गाठ पडतेच. माझी गोष्ट त्या गाठीचीच आहे.

पुढे मी एका वीज वितरण कंपनीत लागलो. तिचे नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. माझ्या हद्दीतल्या एका खेड्यातून तक्रार आली की संध्याकाळी दाब पडतो, दिवे मिणमिणतात, गिरणी ओढत नाही, पंपांच्या मोटारी गुरगुरतात आणि तापतात. मी दिवसा जाऊन पाहिले, भार मोजला, काही विशेष आढळले नाही. लोक म्हणाले, ‘डीपी पुरत नाही.’ मलाही तेच पटले. मोठा ट्रान्सफॉर्मर मागवला, ट्रकने आणला, क्रेनने चढवला. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. त्या रब्बीत तीन मोटारी जळाल्या, आणि दोन शेतकऱ्यांचा गहू ओंबीत येण्याच्या वेळी पाण्यावाचून सुकला. त्यांतला एक माझ्या कार्यालयात येऊन नुसता बसून राहिला. भांडला असता तर बरे वाटले असते.

वारासिवनीकडचे एक जुने लाइनमन आमच्याकडे होते. मी त्यांना मामा म्हणत असे. ते म्हणाले, ‘दिवसा पाहून का दिसन साहेब? राती या.’ रात्री आठच्या सुमाराला आम्ही खांबाखाली उभे राहिलो. मामांनी बॅटरी विझवायला सांगितली. अंधारात वर पाहिले, तर एका जोडावर विडीच्या टोकाएवढा लाल ठिपका दिसत होता. ट्रान्सफॉर्मरकडून आलेली तांब्याची तार ॲल्युमिनियमच्या तारेला हाताने पिळून बांधली होती. हे दोन धातू उघड्यावर एकमेकांना टेकले आणि वर पावसाळा गेला, की मधे गंज धरतो. गंजाने अडथळा वाढतो, अडथळ्याने जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो. त्या जागी दोन्ही धातूंचा खास क्लॅम्प लागतो. त्याची किंमत ट्रान्सफॉर्मरच्या मानाने काहीच नव्हे. दिवसा भार थोडा, म्हणून दोष दडून राही. आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही माझी होती. जोड न पाहता केलेली. नवा ट्रान्सफॉर्मर बसवतानाही तीच तार तशीच पिळून लावली गेली होती.

मामांनी सकाळी क्लॅम्प बसवला. अर्ध्या तासाचे काम. गहू अर्थातच परत आला नाही.

त्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे पुढे काय झाले? तो तेथेच राहिला. ट्रान्सफॉर्मर नुसता जोडून ठेवला, घरोघरचे दिवे विझलेले असले, तरी त्याच्या गाभ्यात थोडी वीज चोवीस तास खर्च होत राहते. तो जो गुणगुणतो तो त्याच खर्चाचा आवाज. समजा हा खर्च दोनशे वॅट आहे. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे साडेसतराशे युनिट, सव्वा टन कार्बन वायू, आणि तो वर्षामागून वर्षे. गरजेपेक्षा मोठे यंत्र बसवणे हा आपल्याकडे दूरदृष्टीचा प्रकार समजतात. मी तरी तो समज सोडला आहे.

आता तरुण अभियंत्यांसाठी थोडे. रात्री बॅटरी विझवून पाहण्याची जागा आता उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने घेतली आहे. जोड लाल होण्याच्या कितीतरी आधी तो तापल्याचे दिसते. कॅमेरे पुष्कळ कार्यालयांत आहेत, कपाटात आहेत. ते संध्याकाळी सात ते नऊ बाहेर काढावेत, दुपारी नव्हे. दुसरे, तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा केला तर हानी पाव होते. शेतीपंपांपर्यंत ४१५ व्होल्टची लांबच लांब तार ओढण्याऐवजी ११ हजार व्होल्टची तारच शेतापर्यंत न्यावी आणि तेथे दोन-तीन पंपांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यावा, तर तेवढ्याच कामाला प्रवाह सुमारे सव्वीस पटीने कमी लागतो आणि त्याच तारेतली हानी जवळजवळ सातशेव्या हिश्शावर येते. महाराष्ट्रात २०१८ पासून उच्चदाब वितरणाच्या नावाने हे काम झाले. छोटे ट्रान्सफॉर्मर संख्येने वाढतात, प्रत्येक जण गुणगुणतो, हे खरे. म्हणून ते चांगल्या गाभ्याचे घेतले पाहिजेत, स्वस्तातले नकोत. पंपाला कॅपॅसिटर लावला तर फुकटचा प्रवाह आणखी घटतो. शेतकरी तो काढून टाकतो असे आपण म्हणतो. त्याला तो काय करतो हे कोणी समजावले, हे मात्र विचारत नाही.

वायूविषयी एक सूचना देऊन ठेवतो. मोठ्या सबस्टेशनांत ब्रेकरमधली ठिणगी विझवण्यासाठी सल्फर हेक्साफ्लोराइड नावाचा वायू भरतात. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा एक किलो निसटला तर सुमारे २४ टन कार्बन वायू सोडल्यासारखे होते, आणि तो हवेत शतकानुशतके टिकतो. नोंदवहीत आपण सहज लिहितो, ‘दाब कमी होता, गॅस भरला.’ आधीचा गेला कोठे, ते लिहीत नाही. ११ आणि ३३ हजार व्होल्टवर निर्वात ब्रेकर मिळतात. नवे घेताना तेच घ्यावेत.

वीज गावाजवळच तयार झाली तर वाटच आखूड होते, आणि सांडायला जागा उरत नाही. महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे आरंभीचे प्रयोग झाले. सबस्टेशनच्या जवळ सौर पट्ट्या उभारायच्या आणि त्या विजेवर दिवसा शेतीपंप चालवायचे. शेतकऱ्याला रात्री विंचूकाट्यातून बांधावर जावे लागत नाही, ही गोष्ट मला धुराच्या हिशेबाहूनही मोठी वाटते. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा आला आणि तो फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतला गेला.

पण जमीन लागते, हे विसरून चालणार नाही. टाटांनी १९१५ साली खोपोलीला पाण्यावर वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना ती मिळू लागली, तेव्हा ती बिनधुराचीच होती. तरीही पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांची भाताची शेते बुडणार म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. धूर नाही म्हणून मोल नाही, असे होत नाही. म्हणूनच जी वीज आधीच तयार झाली आहे ती सांडू न देणे हा मला सर्वांत स्वच्छ उपाय वाटतो. त्यासाठी कोणाची जमीन घ्यावी लागत नाही. २०१५ पासून उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, त्यातही हेच झाले. उजेड तोच राहिला, वीज घटली.

वहिनी, आता तुमच्या बिलाकडे येतो. कंपनी जी वीज वाटेत सांडते तिचे पैसे तिला कोणीतरी द्यावेच लागतात. वीजदर ठरवताना आयोग ठरावीक मर्यादेपर्यंतची हानी दरात धरतो. म्हणजे खेड्यातल्या त्या लाल ठिपक्याचा वाटा थोडाथोडा तुमच्या बिलात येतो. तो उद्याच कमी होईल असे वचन मी देत नाही.

आता आपल्याच घरचे एक प्रकरण. न्यासाच्या सभागृहात लग्नसराईत संध्याकाळी दिवे मंद होतात, पंखे रखडतात, म्हणून डिझेल जनित्र घ्यावे असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. महोत्सवाच्या वर्गणीतून त्याची बरीचशी रक्कम जमलीही आहे, आणि ज्यांनी ती जमवली ते समोर बसले आहेत; त्यांच्या श्रमांचा मला आदर आहे. ते म्हणतात की एकदा ऐन सप्तपदीच्या वेळी दिवे गेले होते आणि वधूपित्याला फार ओशाळे व्हावे लागले. हे खरे आहे, मी तेथे होतो. परंतु त्याच रात्री समोरच्या घरांतले दिवे स्वच्छ पेटलेले होते. तेही मी पाहिले.

सभागृहाला वीज आणणारी केबल जुनी आहे. ती खांबावर जेथे जोडली आहे तेथे तांबे आणि ॲल्युमिनियम यांची गाठ आहे, हे खालूनसुद्धा दिसते. दोष तेथेच असेल असे मी म्हणत नाही. मागे दिवसा पाहून मी एकदा फसलो आहे. कार्यकारिणीची सभा पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता सभागृहातले सगळे दिवे, पंखे आणि स्वयंपाकघरातले पाणी तापवण्याचे यंत्र एकदम चालू करावे, अशी माझी विनंती आहे. मी मीटर घेऊन येतो. खांबावरच्या कामाला कंपनीचाच माणूस लागेल. तेथील कनिष्ठ अभियंत्याशी मी बोललो आहे, तो आपल्याच एका सभासदाचा मुलगा आहे आणि कॅमेरा कपाटातून काढून आणतो म्हणाला आहे. आतल्या फलकाशी शिडी धरायला दोन मुले हवीत. ज्यांना यायचे असेल त्यांनी चिटणीसांकडे नावे द्यावीत.